घरचं माणूस परदेशात: मागून कोण गेलं, कोण राहिलं? (अनुभव धागा)

आमच्या फोंड्याच्या घरात दोन भाऊ, दोघेही इंग्लंडमधल्या स्विंडनला. एकाची बायको त्याच्याजवळ वर्षभरात पोचली, दुसऱ्याची अजून इथेच आहे. पासपोर्ट दोघांचा सारखा, गाव सारखं, कामही जवळजवळ सारखं. फरक पडला तो लग्नाच्या तारखेचा. हे आधी कुणी सांगितलं असतं तर, असं रोज वाटतं, म्हणून हा धागा काढते आहे. तुमच्या घरातून कोण गेलं, कोणत्या कागदावर अडलं, कोण मागे राहिलं ते लिहा. एजंटचं नाव किंवा फोन नंबर मात्र देऊ नका.

सुरुवात मीच करते. आजोबांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज गोव्यातला. अशा माणसाच्या नातवंडांपर्यंत लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, त्या वाटेने दोघे गेले. आडनावानेच एक वर्ष खाल्लं. जुन्या नोंदींत कामत ‘कामोतिम’ होतो, प्रभू ‘पोरोबो’ होतो. आमचंही तसंच झालेलं. आजोबा, बाबा आणि मुलगे ही एकाच घराण्यातली माणसं आहेत हे कागदोपत्री जुळवायला प्रतिज्ञापत्रं करावी लागली.

दोघे २०१८ मध्ये त्या पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेले. इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडलं, त्या ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० ला संपला. त्याआधी तिथे राहत असलेल्या युरोपीय नागरिकांना सेटलमेंट स्कीममधून हक्क मिळाले आणि त्यांच्या जोडीदारालाही मागून येता येतं, पण नातं त्या तारखेच्या आत जुळलेलं असलं पाहिजे. दादाचं लग्न २०१९ चं. वहिनीला फॅमिली परमिट मिळालं, त्याला फीसुद्धा पडली नाही. धाकट्याचं लग्न मे २०२० मध्ये ठरलं होतं. हॉल घेतला होता, पत्रिका छापून झाल्या होत्या. लॉकडाऊन लागला आणि मुलीच्या आजीची इच्छा म्हणून सगळ्यांना बोलावून करायचं ठरवून ते पुढे ढकललं. झालं २०२२ मध्ये. साखरपुडा त्या नियमात कुठेच धरला जात नाही.

मग उरला साधा स्पाऊस व्हिसा. त्याला उत्पन्नाची अट आहे. तेव्हा ती वर्षाला १८,६०० पौंड होती, पण गोदामातल्या पाळ्या कमी झाल्याने त्याची तेवढीही कमाई होत नव्हती. कमाई वाढली तोवर ११ एप्रिल २०२४ पासून अट २९,००० वर गेली होती. शिवाय इंग्रजीची परीक्षा, क्षयरोगाची तपासणी आणि वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार. धाकट्या वहिनीने परीक्षा आणि तपासणी दोन्ही करून ठेवलं. क्षयरोगाच्या दाखल्याची सहा महिन्यांची मुदत उलटून गेली, आता तो पुन्हा काढायचा आहे.

आई-बाबांना दादा नेऊ शकला असता. त्या स्कीममध्ये अवलंबून असलेले आई-वडील बसतात, पण अवलंबून आहेत याचे पुरावे लागतात. दादा दर महिन्याला पाठवतो त्या पैशांच्या नोंदी, बाबांच्या औषधांची बिलं, सगळं मी जमवलं होतं. बाबा कुळागर (पोफळी-नारळाची बाग) सोडून जायला तयार झाले नाहीत आणि मी त्यांना भरीस घातलं नाही. दोघांनी भारतीय पासपोर्ट परत केले आहेत. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) वडिलोपार्जित कुळागर वारशाने मिळतं, पण नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. शेजारचा तुकडा विकायला निघाला तेव्हा बाबांना हे पहिल्यांदा कळलं. ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

आता तुम्ही सांगा.

डिचोली, नवरा दुबईत

माझं तारखेवर नाही, सहीवर अडलं. गोव्यात लग्न देवळात झालं, हजार माणसं जेवली, तरी सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन सह्या झाल्याशिवाय दाखला मिळत नाही. पहिली सही इराद्याची. मग आक्षेपांसाठी नोटीस लागते. ती मुदत गेली की दुसरी सही. ह्यांची रजा वीस दिवसांची. पहिली सही करायलाच आम्ही उशिरा गेलो, मधे सुट्ट्या आल्या आणि दुसऱ्या सहीआधी विमानाची तारीख आली. सासरच्यांना वाटलं, फोटो आहेत, पत्रिका आहे, भटजींचं पत्र देऊ. तिकडे काही चालत नाही. ते परत आले सात महिन्यांनी. ते सात महिने मी मंगळसूत्र घालून सासरी राहिले आणि कागदावर अविवाहित होते.

दाखला हातात आल्यावर साक्षांकनाचा फेरा: आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात, आणि दुबईला पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. बहिणीने पोर्तुगालसाठी नुसतं अपोस्टील (दाखल्यावरचा एकच आंतरराष्ट्रीय शिक्का) केलं होतं. मलाही तेवढंच पुरेल असं वाटलं होतं, ते चाललं नाही. पगाराची अट आम्हाला जड गेली नाही: ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० आणि राहायची जागा. हेही सांगते, सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर तिथला रहिवास रद्द होतो. बाळंतपणाला माहेरी यायचं असेल तर दिवस मोजून या.

वाळपई

मी नर्स आहे, माझी मावसबहीण केअरर, म्हणजे म्हाताऱ्या-आजाऱ्यांची देखभाल करणारी. दोघी इंग्लंडला, दोघींच्या व्हिसाचं नाव ‘हेल्थ अँड केअर’. माझा नवरा आणि मुलगी माझ्याबरोबर आहेत आणि या व्हिसावर आरोग्य अधिभारही भरावा लागला नाही. तिचं काय झालं ते ऐका. ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या केअररना नवरा-मुलं आणता येत नाहीत. ती त्या वर्षी जूनमध्ये आली. तालुक्यातल्या एका एजंटने तिच्याकडून पैसे घेताना ‘कुटुंबाचं नंतर बघू’ असं सांगितलं होतं. नियम तीन महिन्यांपूर्वीच लागू झालेला होता, म्हणजे त्याला ठाऊक असणार. तिचा मुलगा चार वर्षांचा आहे, आजीजवळ साखळी गावी. रात्री ती ड्युटी संपवून फोन लावते तेव्हा तिकडे तो झोपलेला असतो, म्हणून आजी फोन त्याच्या उशाशी धरते. आता तर २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवे केअरर घेणंच बंद झालं आहे. कुणी अजूनही त्या कामाच्या नावाने पैसे मागत असेल तर देऊ नका, कृपा करा.

सांगे

आमचं थोडक्यात. काकाने २००४ मध्ये अमेरिकेतून भावाच्या नात्याने बाबांसाठी अर्ज घातला. भावंडांच्या वर्गात सगळ्या जगाला मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा आणि एका देशाला मर्यादा, म्हणून भारताची रांग लांब. पंधरा वर्षांनी नंबर लागला. अर्जाच्या वेळी मी बारा वर्षांचा होतो, बहीण तीन. मुलाचं वय २१ च्या आत लागतं. अर्ज मंजूर व्हायला लागलेला काळ वयातून वजा करतात, तो करूनही मी बाहेर पडलो. बहीण बसत होती. आई म्हणाली, एकाला ठेवून जायचं नाही. कुणीच गेलं नाही. काका दुखावला, आणि त्याचं दुखावणं मला पटतं.

मडगाव, मुलगा टोरांटोत

पालकांना कायमचं नेणं कॅनडात तेव्हा लॉटरीवर होतं, म्हणून मुलाने सुपर व्हिसा काढला. दहा वर्षांचा असतो आणि जुलै २०२२ पासून एका वेळी पाच वर्षं राहता येतं. किमान १,००,००० डॉलरचा आरोग्य विमा लागतो, वैद्यकीय तपासणी होते आणि मुलाचं उत्पन्नही बघतात. आपल्या वयाला आणि साखरेला विम्याचा हप्ता किती येतो ते आधी विचारून घ्या. आमचा सगळा हिशोब तिथेच चुकला होता. मी अकरा महिने राहून आले. नातीला मराठी वाचायला शिकवलं. चवथीला तिथे माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधली, मिळतील त्या फळांची. आंब्याचे टाळे मिळाले नाहीत.

पेडणे

माझा नवरा तारवटी आहे. तुमच्या सगळ्यांच्या नवऱ्याला एक देश तरी आहे. क्रूझवरच्या माणसाच्या मागून जायचं तर कुठे जायचं? एकदा कंपनीच्या परवानगीने मी तीन आठवडे बोटीवर राहिले, तेवढंच. त्याची पाळी संपेपर्यंत केबिनमध्ये बसून असायचे. तरी ते तीन आठवडे मी अजून काढून काढून आठवते.

म्हापसा, लग्न ठरलंय

नवरामुलगा जर्मनीत म्युनिकला, ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना). डिसेंबरात पंधरा दिवसांसाठी येतोय. मैत्रिणीला जर्मन भाषेची ए-वन (पहिल्या पातळीची) परीक्षा द्यावी लागली होती, मला लागेल का? आणि डिचोलीच्या ताई, सह्या आधी उरकता येतील का?

फोंडा (धागाकर्ती)

ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए-वन लागत नाही. तरी शीक, घराबाहेर पडताच उपयोगी येईल.

डिचोली

सह्यांचं मी सांगते. तो येईल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच रजिस्ट्रारकडे जा, हळद-बिळद सगळं नंतर. आधी तू एकटी जाऊन विचार की नोटिशीची मुदत धरून दुसरी सही कोणत्या दिवशी येते. पंधरा दिवसांत बसत नसेल तर त्याला आत्ताच रजा वाढवायला सांग, तिकीट काढायच्या आधी. जन्मदाखल्यावरचं आणि पासपोर्टवरचं नाव एकदा अक्षर अक्षर लावून बघ. माझ्या नावात एक अक्षर जास्त होतं.