लेकरांसोबतचं रोजचं सुख, चानकीपासून मोबाईलवरच्या मासिकापर्यंत : अनुभव धागा

भाकरी थापणं, एका पंगतीला जेवणं, झोपायच्या आधी मोबाईलवर मासिक उघडून वाचणं, येळवशीच्या सणाला रानात जाणं. मराठवाड्यातल्या आईबापांना दिवसभरातलं खरं समाधान अशाच गोष्टींत मिळतं. पण नुसतं 'मुलांना वेळ द्या' म्हणून भागत नाही. पीठ विरी गेलेलं, म्हणजे चिकटपणा गेलेलं, निघालं की भाकरी फाटते आणि लेकरू उठून जातं. मासिकाचं पान स्क्रीनवर मावलं नाही की वाचन तिथंच थांबतं. म्हणून जे नीट जमतंय ते मापासकट, चुकांसकट लिहा. घरचे किस्से नकोत. वाचणाऱ्याला उद्या तसंच करून बघता आलं पाहिजे.

लातूरहून

लेकराला भाकरी शिकवायची तर सुरुवात चानकीपासून, म्हणजे लहान भाकरीपासून. मोठ्या भाकरीला साधारण 100 ग्रॅम पीठ लागतं, चानकीला 40 ग्रॅम पुरतं, आणि पाच-सहा वर्षांच्या पोराच्या हातात तेवढाच गोळा नीट बसतो.

ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून पीठ कढत पाण्यात भिजवायचं. 100 ग्रॅम पिठाला 80 ते 90 मिली पाणी. कढत पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि गोळा धरून ठेवतो. पाणी मोठ्या माणसानंच ओतायचं आणि उलथन्यानं कालवायचं. हाताला सोसेल इतकं निवलं की परात लेकराच्या पुढ्यात सरकवायची. तळहाताच्या गादीनं तीन-चार मिनिटं रगडू द्या. गोळा दाबल्यावर कडेला भेगा दिसल्या तर पाण्याचा हबका मारून पुन्हा मळायला लावा.

थापताना लेकरं मधोमध दाबतात. मग मध्य पातळ, कड जाड, आणि उचलताना भाकरी मधूनच तुटते. बोटं जुळवून सरळ ठेवायची, कडेकडेनं थापत जायचं आणि भाकरी परातीत फिरती ठेवायची. एवढी एक गोष्ट हाताला वळण म्हणून लागली की बाकी सोपं आहे.

तव्यावर टाकणं मोठ्यांचं काम. कोरड्या पिठाची बाजू वर ठेवायची आणि लगेच तिच्यावरून पाण्याचा हात फिरवायचा. पाणी पूर्ण वाळायच्या आत उलटायची, उशीर झाला की भेगा पडल्याच समजा. दुसरी बाजू नीट भाजली की पहिली बाजू थेट जाळावर. चानकी टम्म फुगते, पदर सुटतो, वाफेची एक बारीक शीळ निघते. त्या वेळी तव्याकडं बघू नका, लेकराच्या तोंडाकडं बघा.

सगळं बरोबर करूनही फाटत असेल तर दोष पिठाचा आहे. दळण पंधरा दिवसांच्या वर ठेवू नये, उन्हाळ्यात आठच दिवस. जुन्या पिठाची विरी जाते आणि त्यातला स्निग्धांश खवट होऊन भाकरी कडवट लागते. लेकरू 'भाकरी आवडत नाही' म्हणतं तेव्हा आधी डब्यातलं पीठ चाखून बघा.

परभणीहून

वरच्या लातूरच्या ताईंच्या लिहिण्यात थोडी भर. ज्वारी कोणती यावरही पुष्कळ अवलंबून असतं. रब्बीची मालदांडी भाकरीला गोड आणि पांढरी. खरिपाची ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली की काळी पडते आणि भाकरीला वास येतो. आपल्या इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं 2018 मध्ये 'परभणी शक्ती' हा वाण दिला. त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. वाढत्या लेकरांच्या घरात दळणासाठी मिळाला तर जरूर आणा.

ताटाबद्दल एकच सांगतो. शेंगदाण्याची चटणी उखळात कुटायचं काम मुलांना द्या. एक वाटी भाजून सोललेले दाणे, लसणाच्या सहा पाकळ्या, अर्धा चमचा जिरं, चवीला मीठ, आणि लहानांसाठी तिखट पाव चमचाच. कुटताना दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी ओलसर होते. मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवली तर भुगा कोरडा राहतो, सलग फिरवली तर गोळा होतो. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे खायला देऊ नका, घशात अडकतात. कुटलेली चटणी चालते.

छत्रपती संभाजीनगरहून

मासिक वाचनावर सविस्तर लिहितो, कारण इथं पालक लवकर हार मानतात.

'किशोर' हे बालभारतीचं मासिक 1971 मध्ये सुरू झालं आणि त्याचे जुने अंक आता ऑनलाइन मोफत वाचता येतात. मुलांना घेऊन बसायला याहून मोठा मराठी खजिना सहज सापडणार नाही. पहिल्यांदा उघडताना ताजा अंक घेऊ नका. आई किंवा बाप चौथीत होते त्या सालचा अंक उघडा. 'मी तुझ्याएवढी होते तेव्हा हा अंक निघाला होता' एवढं म्हटलं की मूल जवळ सरकतं. जाहिरात, चित्र, एखादा मागे पडलेला शब्द, कशावरूनही बोलणं निघतं.

अडचण पानाची. जुने अंक छापील पानांवरून घेतलेले असल्यामुळे अक्षर मोठं केलं तरी ओळी नव्यानं जुळत नाहीत, पान नुसतं सरकत राहतं. मोबाईल उभा धरून वाचायला गेलात तर दर ओळीला डावीकडून उजवीकडं ढकलावं लागतं आणि मुलाचं लक्ष उडतं. मोबाईल आडवा धरा आणि पान एवढंच मोठं करा की एक रकाना स्क्रीनच्या रुंदीत बसेल. मग बोट फक्त खालून वर सरकवायचं. रकाना संपला की वर जाऊन पुढचा. दहा इंची टॅब असेल तर हे काहीच करावं लागत नाही, अख्खं पान वाचता येतं.

अंक दिवसा, नेट चांगलं असताना उतरवून ठेवा. वाचताना विमान मोड लावा. गोष्टीत वाघ आला आणि वरून बँकेचा संदेश टपकला की सगळी गोडी जाते. अँड्रॉइडमध्ये सुरक्षा सेटिंगमध्ये ॲप पिन करायची सोय असते. ती लावली की मूल वाचता वाचता व्हिडिओकडं जात नाही, आणि आपणही जात नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं.

सुरुवात शेवटच्या पानांपासून करा. कोडी, चित्रातले फरक, विनोद. कोडं सोडवायचं तर पानाचा स्क्रीनशॉट घ्यायचा, गॅलरीत 'संपादन' उघडून पेननं त्यावरच लिहायचं. आठवडाभरानं मूल आपणहून गोष्टींकडं वळतं. मोठ्यानं वाचताना ओळीखाली बोट फिरवा, पण स्क्रीनला टेकवू नका, पान उडी मारतं. भाताची काडी किंवा कोरडी पेन्सिल बरी.

वेळ किती? दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर नको, असं बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना सांगते. त्या तासात टीव्हीही धरायचा. रात्री एक कविता आणि एक गोष्ट, वीस मिनिटं, बस. खोलीत दिवा चालू ठेवा. अंधारात उजळ स्क्रीन डोळ्यांवर येते.

देगलूरहून

आमच्याकडं घरात मराठी, बाजारात तेलुगू, शेजारी उर्दू किंवा कानडी. अशा गावांसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ फार उपयोगाचं आहे. 2015 पासून सुरू आहे, मोफत आहे, आणि एकच चित्रगोष्ट अनेक भाषांत मिळते. आधी मराठीत वाचायची, दुसऱ्या दिवशी तीच तेलुगूत. चित्र तेच असल्यामुळे अर्थ शोधायला लागत नाही. गोष्टींना पातळ्या दिलेल्या आहेत, पहिलीपासून चौथीपर्यंत. मुलाची इयत्ता बघून पातळी निवडू नका. एका पानावर तीनपेक्षा जास्त शब्द अडले तर एक पातळी खाली या. मराठी अनुवाद सगळेच सारखे चांगले नाहीत, म्हणून आधी स्वतः वाचून मगच मुलापुढं ठेवा.

बीड जिल्ह्यातून

इथं एका गोष्टीकडं सगळ्यांचं लक्ष वेधायचं आहे. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, निघतो आणि आईबाप चार-पाच महिने कारखान्याच्या उसाच्या फडावर असतात. लेकरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. त्यांच्या वाट्याला हे सुख येऊ शकतं, फक्त मांडणी वेगळी करावी लागते.

व्हिडिओ कॉलचा नाद सोडा. फडावर रेंज धरत नाही, गाडी भरायला रात्री-अपरात्री उठावं लागतं, वेळ जुळत नाही. त्यापेक्षा आवाज पाठवा. दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज अर्ध्या एमबीच्या आत बसतो. रेंज नसली तरी मेसेज वाट बघत थांबतो आणि रेंज आली की जातो. लेकरानं मासिकातली गोष्ट वाचायची, आधी गोष्टीचं नाव सांगायचं, दोन मिनिटांत जिथं येईल तिथं थांबायचं. 'पुढं काय झालं असेल ते तुम्ही सांगा' म्हणून सोडायचं. आईबापांनी रात्री ऐकून आपला अंदाज पाठवायचा. माइकचं बटण दाबून वर सरकवलं की ते अडकून राहतं, बोट धरून ठेवावं लागत नाही. मोबाईल तोंडापासून एक वीत लांब. वारं असेल तर पाठ वाऱ्याकडं करायची किंवा गोधडीच्या आडोशाला बसायचं, नाहीतर नुसती घरघर येते.

वाचता न येणाऱ्या आईनं मागं राहू नये. तिच्याकडं ओव्या आहेत, कोडी आहेत, उखाणे आहेत. तिनं रोज एक पाठवावी आणि लेकरानं ऐकून वहीत उतरवावी. एकेक शब्द थांबवून, पुन्हा लावून. शंभर पानी वहीत एका हंगामात बसतं सगळं. शेवटी ते आईचं स्वतःचं मासिक होतं, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास ती परत आली की तिलाच वाचून दाखवायचं. हे खर्चाचं काम नाही. फक्त आजीच्या मोबाईलवर मेसेज कसा लावायचा ते निघायच्या आधी दोन-तीनदा करून घ्या. बहुतेक ठिकाणी गाडं तिथंच अडतं.

हिंगोलीहून

मोबाईल नसेल किंवा नको असेल तर ऑनलाइन गोष्ट छापून पुस्तक करा. सोळा पानांची गोष्ट ए-फोरच्या चार कागदांवर बसते. छापताना 'बुकलेट' निवडायचं, दोन्ही बाजूंनी, आणि कागद आखूड कडेनं उलटेल असं सांगायचं. लांब कडेनं उलटला तर मागची पानं उलटी छापून येतात, ही चूक झेरॉक्सच्या दुकानात नेहमी होते. आधी एकच कागद काढून बघा : एका बाजूला पान 16 आणि 1, मागं 2 आणि 15 आलं तर बरोबर. पानांची संख्या चारच्या पटीत नसेल तर शेवटी कोरी पानं येतात. तिथं मुलांना चित्र काढू द्या. शिवायला साधा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचत नाही. दाभणानं तीन भोकं पाडा, गोधडीचा दोरा मधल्या भोकातून सुरू करून तिथंच गाठ मारा. दाभण मोठ्यांच्या हातात, दोरा मुलांच्या.

धाराशिवहून

रोजचं नव्हे, पण येळवशीशिवाय हा धागा अपुरा राहील. मार्गशीर्ष अमावास्या, लातूर आणि धाराशिवकडचा मोठा सण. मुलांची हौस आदल्या संध्याकाळी सुरू होते, शेंगा सोलण्यापासून.

सहा जणांच्या भज्जीला, म्हणजे दाण्यांच्या आणि पाल्याच्या मिसळ भाजीला, तुरीचे ओले दाणे, वाटाणे, हरभऱ्याचे सोलाणे प्रत्येकी एक वाटी, ओले शेंगदाणे अर्धी वाटी. सोबत मेथी, पालक, चुका, गाजर, वांगं, जे रानात असेल ते. मुलांसमोर प्रत्येक दाण्याला वेगळं भांडं ठेवा. एकत्र सोललं की शिजवताना पंचाईत होते, कारण सगळ्यांचा शिजायचा वेळ सारखा नाही. आधी दाणे, ते बोटानं दबले की फळभाज्या, पालेभाजी सगळ्यात शेवटी. अर्धी वाटी बेसन आंबट ताकात गुठळ्या मोडून कालवायचं आणि मंद आचेवर ढवळत ओतायचं. मोठ्या जाळावर खाली लागतं.

आंबिलीला एक वाटी ज्वारीचं पीठ दोन वाट्या ताकात रात्रभर भिजवायचं. सकाळी चार वाट्या उकळत्या पाण्यात ते ओतून दहा मिनिटं ढवळत शिजवायचं. पूर्ण गार झाल्यावरच वरून तीन वाट्या ताक, लसूण-जिरं ठेचून, मीठ. गरम असताना ताक घातलं तर फाटतं, आणि मग कितीही घुसळलं तरी जुळून येत नाही. बिंदगीत, म्हणजे लहान घागरीत, किंवा स्टीलच्या भांड्यात ठेवा. पितळेत कल्हई नसेल तर आंबट पदार्थ कळकतो. लेकराच्या डोक्यावर चुंबळ आणि तिच्यावर छोटी बिंदगी, अर्धीच भरलेली. पूर्ण भरली तर बांधावर पाय घसरतो. अर्धी असली की आतली आंबील डुचमळते, ते पोरांना भारी आवडतं.

जालन्याहून

शाळेच्या दिवशी सकाळी पोरांनी करण्याजोगा एकच पदार्थ सांगते : सुशीला. चार वाट्या चुरमुरे पाण्यात बुडवून अर्ध्या मिनिटात काढायचे आणि दोन्ही तळहातांत दाबून पिळायचे. हे पिळणं मुलांचं. जास्त वेळ पाण्यात राहिले तर गिचका होतो. फोडणीत मोहरी, हिरवी मिरची, कांदा, दाणे, हळद. चुरमुरे टाकून दोन मिनिटं परतायचे. उतरवताना दोन चमचे डाळव्याचं (भाजलेल्या हरभरा डाळीचं) पीठ भुरभुरायचं, ते उरलेलं पाणी ओढून घेतं आणि डब्यात सुशीला मोकळी राहते. मीठ बेतानं घाला, बाजारातल्या चुरमुऱ्यांना आधीच असतं.

परभणीहून, पुन्हा

जालन्याच्या ताई, डाळव्याच्या पिठाचं अगदी बरोबर. फक्त ते ताजं दळलेलं असावं. पावसाळ्यात डबा नीट झाकला नाही तर पीठ सादळतं आणि भुरभुरण्याऐवजी गोळे पडतात. तसं झालं तर कढईत मंद आचेवर दोन मिनिटं परतून, चाळून मगच वापरा.