आजी-आजोबा एका चौकटीत : जुने फोटो जोडून दिलेल्या भेटींचे अनुभव

मावशीच्या सहस्रचंद्रदर्शनाला आम्ही भाचरांनी मिळून तिला तिच्या आईवडिलांचा एकत्र फोटो दिला. असा फोटो कधी काढलाच गेला नव्हता. आजोबा स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. आजी मात्र कुणाच्या तरी मुंजीच्या घोळक्यात, तिसऱ्या रांगेत, पदर सावरताना. दोघांना शेजारी बसवलं ते मामेभावाने. मावशी आधी रडली, मग म्हणाली, "आईने हे लुगडं बाबांसमोर कधी नेसलंच नव्हतं. ते गेल्यावर घेतलंय."

तुमच्याकडे असं कुणी केलंय का? कुणाला आवडलं, कुणाचं बिनसलं, काम कसं झालं, सगळं लिहा. ॲपच्या जाहिराती मात्र नकोत.

नाशिकहून
हौस म्हणून मी ही कामं करते. लोकांना वाटतं चेहरा कापून चिकटवला की झालं. खरं अडतं ते उजेडावर. एकावर खिडकीचा उजेड डावीकडून, दुसऱ्यावर अंगणातलं ऊन उजवीकडून. मग पटकन सुचणारी युक्ती म्हणजे एक फोटो आरशासारखा उलटा करायचा. नणंदेने बाहेरून करून आणलेल्या फोटोत नेमकं तेच केलेलं होतं. सासूबाई सुरेख दिसत होत्या, पण घरात एकीच्याही तोंडून "आई!" असं निघालं नाही. कुणालाच कळेना काय खटकतंय. शेवटी धाकट्या जावेने बोट ठेवलं: नथ उजव्या नाकपुडीत! पदरही भलत्याच खांद्यावर. पुरुषांच्या फोटोत शर्टाची बटणपट्टी, भांग आणि मनगटावरचं घड्याळ बघा, तिथे हमखास सापडतं.

मी उलटं करत नाही. उजेड जुळत नसेल तर दुसरा फोटो शोधायला सांगते. नसलाच, तर गालावरची सावली हाताने थोडी हलकी करायची. सगळं झालं की दोघांवर एकच सेपिया, म्हणजे तपकिरी छटा आणि जुन्या फोटोत असतात तसे थोडे कण घालायचे, नाहीतर एक माणूस धूसर आणि दुसरा नुकताच आंघोळ करून आल्यागत दिसतो.

साताऱ्याहून
आमच्याकडे उंचीची भानगड झाली. आजी उंच, आजोबा तिच्या कानाशी. करणाऱ्याने गृहीत धरून आजोबांना वीतभर वर काढलं. वडील फोटो बघून हसत सुटले, "दादांनी जन्मभर फेट्याच्या जोरावर जे साधलं नाही ते याने साधलं!" तसाच लावलाय भिंतीवर.

पुण्याहून
१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या आमच्या घरातल्या ट्रंका गेल्या, अल्बमसकट. वडिलांच्या पंचाहत्तरीला काही द्यायचं तर आपल्या घरात काहीच नाही. मग नातेवाइकांकडे उलटा शोध सुरू झाला. बडोद्याच्या आतेघरी लग्नातला ग्रुप फोटो निघाला. त्यात आजीचा चेहरा करंगळीच्या नखाएवढा. पण पूर्वीचे स्टुडिओवाले ग्रुप फोटो मोठ्या काचेच्या प्लेटवर काढत, त्यात तपशील भरपूर असतो. १२०० डीपीआयला (दर इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केल्यावर आजीच्या कानातल्या कुड्यांचे मोती सुटे दिसायला लागले. उलट नंतरचे घरच्या क्लिक थ्री कॅमेऱ्याने काढलेले फोटो कितीही मोठे करा, मऊच राहतात.

वडिलांनी ते मोती मोजले. कुड्या पुढे कुणाकडे गेल्या यावर त्यांची आणि काकांची जुंपली, ते वेगळं.

लातूरहून
फोनमधल्या एआय ॲपवर टाकलं होतं. त्याने आजीच्या कपाळावरचं गोंदण डाग समजून पुसलं, आणि मिसरीने काळे झालेले दात पांढरेशुभ्र करून तिला हसवलं. आमची आजी फोटोत कधी हसली नाही हो! आई म्हणाली, "बाई चांगली आहे, पण कोण आहे?" गोंदण परत हाताने काढून घेतलं. ते तीन ठिपके होते की चार, यासाठी गावी आत्याला फोन लावावा लागला.

ठाण्याहून
मी जरा वेगळं सांगते. माझ्या लग्नाच्या फोटोत भावाने बाबांना आईशेजारी उभं केलं. बाबा मी शाळेत असताना गेले. आईने फोटो पाहिला, "ते नव्हते ना तिथे," म्हणाली आणि कपाटात ठेवून दिला. आजतागायत तिथेच आहे. भावाचा हेतू वाईट नव्हता, पण तिने ती सगळी धावपळ एकटीने केली होती, आणि फोटोत ती एकटी नव्हती. पुढे तिने स्वतःहून बाबांचा तरुणपणीचा एकटा फोटो साफ करून मागितला. तो देवघराशेजारी आहे. माझ्या मते गेलेल्या दोघांना एकत्र आणणं वेगळं आणि हयात माणसाच्या आठवणीत भर घालणं वेगळं. दुसऱ्या बाबतीत आधी विचारावंच.

न्यू जर्सीहून
आमचा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. ओढून काढू का?

पुन्हा नाशिकहून
अजिबात नको! ओढलात तर चेहरा काचेवर राहील. काचेसकट स्कॅनरवर ठेवा. स्कॅनर नसेल तर सावलीत, फ्लॅश बंद करून, बरोबर समोरून फोटो काढा. १२ बाय १८ इंची छापायचा असेल तर ३०० डीपीआयच्या हिशेबाने ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, म्हणून फाइल मोठीच ठेवा. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखी पाठवली की लहान होते. कागद मॅट घ्या. आणि मागे पेन्सिलने लिहा, कुठल्या दोन फोटोंतून जोडलाय ते. नातवंडं खराच समजून बसतील.

सांगलीहून
आमच्याकडचा फोटो सगळ्या नातेवाइकांत फिरला, आणि आता चुलत आत्याचा फोन आलाय. आजोबांच्या डावीकडे जागा मोकळी दिसतेय म्हणे, तिच्या यजमानांना तिथे बसवता येईल का? यजमान धडधाकट आहेत, सोलापुरात असतात.