सॅम क्रेमरचा काचेचा डोळा: खरा अतिवास्तववाद की दुकानदारी?

कोंदण:
अतिवास्तववाद (सर्रिअॅलिझम) म्हणजे स्वप्नातून, अबोध मनातून कला काढणारी पॅरिसची चळवळ. तिच्या दागिन्यांचा विषय निघाला की सगळे चित्रकार साल्वादोर दालीचा 'आय ऑफ टाइम' दाखवतात. १९४९ चा ब्रोच (कपड्यावर लावायची शोभेची पिन), डोळ्याच्या आकाराचा, प्लॅटिनम, हिरे, बुबुळाच्या जागी घड्याळाची तबकडी. देखणा आहे, पण दालीने काढलं ते चित्र. घडवलं न्यूयॉर्कमधल्या कार्लोस अलेमानीच्या कारागिरांनी.

माझ्या मते ही चळवळ दागिन्यात खरी उतरली ती न्यूयॉर्कच्या ग्रीनविच व्हिलेज या कलावंतांच्या वस्तीतल्या छोट्या कार्यशाळांत. दागिने घडवणाऱ्या सॅम क्रेमरने १९३९ मध्ये तिथे आठव्या रस्त्यावर दुकान थाटलं. पेंढा भरलेल्या प्राण्यांना लावतात ते काचेचे डोळे तो ब्रोचमध्ये बसवायचा. उल्केचे तुकडे, जीवाश्म, प्राण्यांचे दात, काहीही त्याला चालायचं. ज्योतीखाली चांदी वितळवायची, ती वाहत जाईल तो आकार धरायचा आणि त्यातून प्राणी शोधायचा. पॅरिसच्या मंडळींनी विचारांचा लगाम काढून लेखणी मोकळी सोडली, याने धातू मोकळा सोडला. यापेक्षा अस्सल काय हवं?

निळी शाई:
असहमत. 'किंचित वेड्या लोकांसाठी अद्भुत दागिने' ही त्याची जाहिरात होती. दाराची मूठ म्हणजे ब्राँझचा हात, थंडीत त्याला हातमोजा. पुढे हिरव्या रंगात रंगवलेल्या मुली प्रसिद्धीसाठी रस्त्यावर. मोमाने (न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने) अतिवास्तववादाचं मोठं प्रदर्शन भरवलं १९३६ मध्ये. १९३९ मध्ये दालीने फिफ्थ अव्हेन्यूवरच्या बॉनविट टेलर या मोठ्या दुकानाची खिडकी सजवली, दुकानाने त्याला न विचारता मांडणी बदलली म्हणून तो भडकला, आणि त्या गोंधळात काच फुटली. शहरभर चर्चा. त्याच वर्षी दुकान काढणाऱ्याला काय खपतं हे कळत होतंच.

कोंदण:
खपवलं म्हणून खोटं कसं? १९३८ च्या पॅरिस प्रदर्शनात खुद्द चळवळीचा म्होरक्या आंद्रे ब्रेतोंच्या गटाने दुकानातल्या पुतळ्यांची रांग उभी केली होती. दुकान आणि स्वप्न यांची सांगड या चळवळीत पहिल्यापासून आहे.

पलीकडचा_किनारा (न्यू जर्सी):
माझी हरकत वेगळी आहे. ब्रुकलिन म्युझियममध्ये ग्रीनविच व्हिलेजच्याच आर्ट स्मिथ या कृष्णवर्णीय दागिने-कारागिराचं काम पाहिलंय. त्याच्या 'लाव्हा' कंकणात पत्र्याचे दोन लवचिक आकार एकमेकांवर येतात आणि मनगटावरून वर चढत जातात. लोक लगेच म्हणतात, हा आर्पचा, मिरोचा, म्हणजे पॅरिसच्या अतिवास्तववादी कलावंतांचा प्रभाव. पण स्मिथ टॅली बिटीसारख्या कृष्णवर्णीय नर्तकांच्या मंडळींसाठी दागिने करायचा. रंगमंचावर लांबून दिसायला हवं आणि नाचताना अंगावर बसायला हवं, म्हणून ती भव्यता आली. त्याला धातूकाम शिकवलं विनिफ्रेड मेसन या कृष्णवर्णीय दागिने-कारागीर बाईने. तिचं नाव वगळून सगळं श्रेय पॅरिसला देणं मला मनापासून खटकतं.

कोंदण:
मेसनचं नाव घेतलंत, बरं केलंत, ते यायलाच हवं होतं. भव्यता नाचातून आली हेही मान्य. पण शरीरावर दुसरंच काहीतरी वाढत असल्यासारखा तो आकार निव्वळ रंगमंचाची गरज म्हणून येत नाही. दोन्ही झरे मिळालेत.

ठोकातार:
शिक्के मारायची घाई तेव्हाचे लोकही करत होते. १९४२ मध्ये 'आर्ट ऑफ धिस सेंच्युरी' ही न्यूयॉर्कमधली आपली गॅलरी उघडताना कलासंग्राहक पेगी गुगेनहाइमने एका कानात अतिवास्तववादी चित्रकार तांगीचं कानातलं घातलं, दुसऱ्यात अमूर्त शिल्पकार कॅल्डरचं. अतिवास्तव आणि अमूर्त, दोघांनाही समान मान! कॅल्डर डाखाच्या (धातू वितळवून सांधण्याच्या) वाटेला फारसा जायचा नाही, तार ठोकायची, वळवायची, रिव्हेटने (खिळ्याने) जोडायची. त्याचा 'जेलस हजबंड' हार गळ्यापेक्षा खांद्यांवरच पसरतो. तो कुठल्या कानात घालायचा, सांगा!

निळी शाई:
मूळ मुद्द्यावर या. क्रेमरच्या ब्रोचमधला डोळा काढा. उरतो तो मिरोच्या चित्रातून उचललेला चांदीचा गोळा.

कोंदण:
डोळा काढायचाच कशाला? तोच तर दागिना आहे. मेलेल्या जनावरासाठी बनवलेली वस्तू जिवंत माणसाच्या छातीवर येते आणि समोरच्याकडे रोखून पाहते. त्या माणसाशी बोलताना नजर कुठे ठेवायची, हा प्रश्न पडतो. दालीच्या हिऱ्यांकडे पाहताना किंमत किती असेल एवढंच मनात येतं.