मदत हवी आहे: यकृताच्या कॅन्सरच्या गोळ्यांबरोबर हळदीच्या कॅप्सूल आणि गुळवेलीचा काढा चालतो का?

नमस्कार मंडळी. मी सांगलीची. आमचे अण्णा (वय ६४) चाळीस वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. हिपॅटायटीस बी जुना, त्यातून सिरॉसिस (यकृत निबर होऊन आक्रसणं) आणि आता यकृताचा कॅन्सर निघालाय. ऑपरेशन होण्यासारखं नाही. सोराफेनिब नावाच्या कॅन्सरच्या गोळ्या सुरू करून पाच आठवडे झाले.

तिसऱ्या आठवड्यात तळहात-तळपाय लाल होऊन सालं निघायला लागली. भाकरी मोडतानासुद्धा कळवळतात. परवा अंथरूण झटकताना उशीखाली चार गोळ्या सापडल्या. मला रडूच आलं.

हरिपूरची आत्या रोज गुळवेलीचा काढा पाठवते. चुलतभावाने करक्युमिन-मिरीच्या कॅप्सूल आणून दिल्यात. अण्णा म्हणतात, "जन्म हळदीत गेला, हळदच मला उठवून बसवंल." यावर काय बोलू?

मी वाचलं ते असं. करक्युमिनने प्रयोगशाळेत यकृताच्या कॅन्सरपेशी मरतात, पण तोंडावाटे घेतलं तर रक्तात फारच थोडं उतरतं. म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पिपरिन घालतात. तेच पिपरिन यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या एन्झाइमना अडवतं आणि सोराफेनिब मोडतं त्यातल्याच एकाने. मग गोळीचा जोर वाढून हातापायांचे आणखी हाल व्हायचे, ही माझी धास्ती. गुळवेलीवरही २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, तरी ज्यांचं यकृत आधीच थकलंय त्यांना हा काढा द्यायला माझा हात धजत नाही.

झाडपाल्याला मी नावं ठेवत नाही. सदाफुलीतूनच व्हिन्क्रिस्टीन निघालं, ते रक्ताच्या कॅन्सरवर देतात. पण ते शुद्ध करून, मात्रा मोजून, शिरेतून.

कुणाच्या घरी सोराफेनिबने हातपाय असे सोलले होते का? डॉक्टरांनी मात्रा कमी केली का? युरियाच्या मलमाने कितपत उतार पडला? आणि सांगली-मिरजेत कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून मगच औषध देणारे वैद्य कुणाला माहीत आहेत का? अण्णा वैद्यांचं ऐकतील, माझं नाही.

शुक्रवारी मिरजेला दाखवायचंय. काढ्याचं आणि उशीखालच्या गोळ्यांचं डॉक्टरांना मी सांगणारच आहे, अण्णा रागावले तरी. कॅप्सूलची डबीही सोबत नेते. आत्याचं मन न दुखवता काढा कसा थांबवायचा, तेवढं कुणीतरी त्याआधी सांगा.