मदत हवी आहे: कराओकेच्या कार्यक्रमात गाणं निवडायला टचस्क्रीन ठेवावी की आपलं कागदी रजिस्टरच बरं?

नमस्कार मंडळी,

मी परभणीची. आमचा कराओकेचा, म्हणजे तयार म्युझिकवर आपण गायचं असा, एक ग्रुप आहे, चाळीस-पंचेचाळीस जण, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, शिक्षक, बँकेतले, गृहिणी, कृषी विद्यापीठातून रिटायर झालेले दोन-तीन सर, आणि गेल्या वर्षापासून कॉलेजची सात-आठ लेकरं पण यायलेत. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एका छोट्या हॉलमध्ये साडेसहा ते पावणेदहा गातो. हॉल वस्तीत आहे, त्यामुळं दहाच्या आत सगळं बंद म्हणजे बंद. गाण्यांचं रजिस्टर सांभाळायचं काम चार वर्षं झाले माझ्याकडं आहे म्हणून हा प्रश्न मलाच पडलाय आणि पंधरा दिवस झाले डोक्यातून जात नाही.

आधी रजिस्टर म्हणजे काय ते सांगते. १८६० गाणी, ७४ पानं, झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल मारून घेतलेलं. गायकावारी लावलंय, लता, आशा, रफी, किशोर, मुकेश, तलत असं, ड्युएट वेगळी, मराठी भावगीतं आणि अभंग शेवटी. प्रत्येक गाण्यापुढं ट्रॅकची पट्टी आणि किती मिनिटांचा ते. पण यातलं सगळ्यात कामाचं जे आहे ते छापलेलंच नाही, ते समासात आहे. ज्यानं जे गाणं म्हटलं त्यानं तिथं पेन्सिलीनं काही ना काही लिहून ठेवलंय. "सुरवातीचं म्युझिक लांब आहे, घाई करू नका." "दुसऱ्या अंतऱ्याला लगेच उचला, श्वास घ्यायला वेळ मिळत नाही." "-२ वर सोपं जातं." (म्हणजे पट्टी अर्ध्या-अर्ध्या सुरानं दोनदा खाली.) आमचे एक आजोबा आहेत, नव्वदीच्या जवळचे, त्यांची सुरवातीची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूतून झाली. ते गझलांच्या पानांवर अवघड शब्दांचे अर्थ लिहितात, आधी उर्दूत आणि खाली मराठीत. नवीन माणसाच्या हातात ते पान गेलं की तो अर्धा तास मान वर करत नाही.

आता अडचण. रजिस्टर बघून चिठ्ठीवर नाव आणि गाणं लिहून टेबलावरच्या डब्यात टाकायचं अशी आमची पद्धत आहे. चिठ्ठ्या हरवतात, काही जण तीन-तीन टाकतात, टेबलाजवळ बसलेल्याचा नंबर लवकर लागतो असं मागं बसलेल्यांचं म्हणणं असतं (आणि ते खोटं नाही, मी बघितलंय). एकच गाणं दोघांनी लिहिलं की दोघंही रुसतात. शिवाय साउंड बघणारा मुलगा प्रत्येक वेळी चिठ्ठीवरचं अक्षर लावणार, लॅपटॉपमध्ये ट्रॅक शोधणार, यात दोन गाण्यांच्या मधी सव्वादोन मिनिटं जातात. १९५ मिनिटांत २७ गाणी होतात. म्हणजे दर वेळी पंधरा-अठरा माणसं नुसती ऐकून घरी जातात, आणि त्यातले काही जण जिंतूरहून, मानवतहून येतात हो, साठ-सत्तर रुपये तिकीट काढून.

म्हणून मागच्या महिन्यात एका भाड्यानं साउंड देणाऱ्याकडून टचस्क्रीनचा किऑस्क ट्रायलला आणला. एटीएमसारखं उभं मशीन, गाणं शोधा, नाव टाका, रांगेत कितवे आहात ते पडद्यावर दिसतं, एकाच्या नावावर एकदाच गाणं जातं, ट्रॅक आपोआप तयार राहतो. गाणी झाली ३३. सहा माणसं जास्त गायली. कॉलेजच्या लेकरांनी तर धडाधड नंबर लावले. आणि भांडण एकही नाही, चार वर्षांत पहिल्यांदा.

पण त्याच दिवशी आमच्या एक काकू न गाताच गेल्या. ७१ वर्षांच्या आहेत, पहिल्या कार्यक्रमापासून एकही महिना चुकवला नव्हता. मी दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणाल्या, "अगं त्या पडद्यापुढं मी उभी आणि माझ्या मागं पाच जण, मला इंग्रजीत टाइप करायचं सुचेना, दोनदा मागं गेलं, मग मीच बाजूला झाले. तुम्ही गा, मी ऐकीन." ऐकीन म्हणाल्या ते मला लई लागलं. रजिस्टर असताना त्या मांडीवर घेऊन बसायच्या, बोट फिरवत फिरवत सगळी लता वाचायच्या, शेजारणीला विचारायच्या की हे जमंल का मला, आणि मग लिहायच्या. एवढं केल्यावर त्या माईकपाशी यायच्या. मशीनवर ते सगळं अर्ध्या मिनिटात आणि चारचौघांपुढं करायला लागतं.

आता ग्रुपमध्ये दोन तट पडायलेत. अर्धे म्हणायलेत किऑस्क विकतच घेऊ, वर्गणी काढू. अर्धे म्हणायलेत रजिस्टरला हात लावू नका. मला ती सहा जास्तीची माणसं पण पाहिजेत आणि काकू पण पाहिजेत. कुणी असं दोन्ही जमवलंय का? कसं? कृपया प्रत्यक्ष चालवलेलं असेल तेच सांगा, येत्या दुसऱ्या शनिवारच्या आत ठरवायचंय.

लातूरकर:
ताई, आम्ही दोन्ही ठेवून बघितलं आणि तोंडघशी पडलो. मशीनची रांग वेगळी, चिठ्ठ्यांची वेगळी, मग एक इकडचा एक तिकडचा असं करायचं ठरलं, पण मशीनच्या रांगेत बारा आणि चिठ्ठीच्या रांगेत चार, म्हणजे चिठ्ठीवाल्यांचा नंबर पटकन यायचा. तिसऱ्या कार्यक्रमाला सगळे तरुण पण चिठ्ठ्याच टाकायला लागले. काहीही करा पण रांग एकच ठेवा. नावं आत यायचे रस्ते दोन असले तरी चालतील.

नांदेडहून:
माझं मत थोडं वेगळं आहे. वेळेप्रमाणं बदलावं लागतं. आमच्याकडं टेबलावर क्यूआर कोड लावलाय, प्रत्येकाच्या फोनवर यादी उघडते, मशीनपुढं उभं राहायची भानगडच नाही. सुरवातीला ज्येष्ठ मंडळी कुरकुरली, आता नातवाकडून शिकून येतात. काकूंना दोन महिने द्या, शिकतील. आपण सगळे यूपीआय शिकलोच की.

धागाकर्ती:
दादा, क्यूआरचा विचार झाला होता. पण हॉल तळमजल्यावर आत आहे, नेट धड येत नाही आणि चौदा-पंधरा जणांकडं साधा बटनाचा फोन आहे. आणि दोन महिने म्हणजे दोन कार्यक्रम हो, ७१ व्या वर्षी माणूस दोनदा न गाता परत गेला की तिसऱ्यांदा येत नाही, घरचेच म्हणतात कशाला जाता. लातूरकर सर, एकच रांग हे पटलं, लिहून ठेवलं.

जालन्याचा साउंडवाला:
ताई मी वीस वर्षं साउंडच्या धंद्यात आहे, तुमचं उत्तर कराओके जिथून आलं तिथंच आहे. १९७१ मध्ये जपानच्या कोबे शहरात इनोउए दाइसुके नावाच्या एका वादकानं नाणं टाकून चालणारी मशीन बनवून बारमध्ये भाड्यानं द्यायला सुरवात केली, पेटंट घेतलंच नाही बिचाऱ्यानं. पुढं गाणी हजारांनी वाढली तेव्हा तिथं टेबलावर टेलिफोन डिरेक्टरीसारखी जाडजूड पुस्तकं असायची, प्रत्येक गाण्याला नंबर, पुस्तकात बघायचं आणि रिमोटवर फक्त नंबर दाबायचा. टचस्क्रीनचा रिमोट फार नंतर आला. म्हणजे पुस्तक आणि मशीन हे एकमेकांच्या विरोधात नव्हतेच, मधी नंबर होता. तुमच्या रजिस्टरात नंबर नाहीत ही खरी अडचण आहे.

असं करा. प्रत्येक गाण्याला चार आकडी नंबर द्या. पहिला आकडा विभागाचा, समजा १ लता, २ आशा, ३ रफी, ८ ड्युएट, ९ मराठी. पुढचे तीन गाण्याचे. नंबर सलग देऊ नका, पानाच्या शेवटी पाच-सहा रिकामे सोडा, नाहीतर नवीन गाणं आलं की सगळं परत छापावं लागंल. मग लॅपटॉपमधल्या फाइलचं नाव बदलून आधी नंबर, मग गायक, मग मुखडा असं करा. ओपनकेजे नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्याला अशी नावं कळतात, गायकांची रांग पण तेच लावतं आणि पट्टी वर-खाली पण त्यातच होते. किऑस्क विकत घेऊ नका, एक जुना लॅपटॉप आणि आकड्यांचा वेगळा कीपॅड बास झाला.

आणि ज्यांना दाबायचं नाही त्यांनी कागदावर नाव आणि चार आकडे लिहायचे, टेबलावरचं पोरगं दाबंल. अक्षर कसं का असंना, आकडे वाचता येतात. तुमची ती सव्वादोन मिनिटं इथंच वाचतील.

एक अजून. समासातलं ‘-२’ फुकट घालवू नका. पेटीवरच्या काळी दोनचा ट्रॅक -२ केला की काळी एकला येतो, ज्यानं गाऊन बघितलंय त्यानंच ते लिहिलंय. पण चारच्या वर सरकवू नका, वाद्यं चिरकी वाटायला लागतात.

संभाजीनगर:
वरचं सगळं बरोबर, पण ताई एक विचारतो, रजिस्टर कुठं टाइप केलं होतं? डीटीपीवाल्याकडं श्रीलिपीत, म्हणजे छपाईवाल्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये, असंल तर ती फाइल उचलून कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये टाकता येणार नाही, सगळा कचरा दिसंल, कारण ते युनिकोड, म्हणजे सगळ्या कंप्युटरला कळणारी अक्षरं, नाही. आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि मग डोळ्यांनी एकेक ओळ तपासा, जोडाक्षरं हमखास बिघडतात. आणि यादी कंप्युटरनं लावली तर ‘ज्ञ’ वरून सुरू होणारे अभंग ‘ज’ मध्ये जाऊन बसू शकतात, आपली माणसं ‘ह’ च्या पुढं शोधतात, ते हातानं शेवटी आणा. ‘प्यार’ इंग्रजीत एक ए का दोन ए ह्या गोंधळातून मात्र नंबरमुळं सुटका होईल, शोधायचंच नाही ना टाइप करून.

धागाकर्ती:
श्रीलिपीच आहे सर. 😔 पण उत्तर मिळालं मला. साउंडवाले दादा, तुमचे आभार कसे मानू. नंबर ही एवढी साधी गोष्ट चार वर्षांत सुचली नाही आम्हाला. कामाला लागते, शनिवारनंतर इथंच लिहिते.

धागाकर्ती (अपडेट):
झाला कार्यक्रम. १८६० फाइलींची नावं बदलायला मला, माझ्या मुलीला आणि कॉलेजच्या दोन लेकरांना पाच संध्याकाळी लागल्या. कन्व्हर्टरनंतर पहिल्या वीस पानांत दोनशेच्या वर चुका निघाल्या, म्हणून या वेळेपुरते जुन्याच रजिस्टरात लाल पेननं नंबर घातले आणि झेरॉक्स काढून सहा प्रती केल्या. रांग एकच ठेवली, भिंतीवर पडद्यावर दिसंल अशी. मधला वेळ मिनिटाच्या आत आला, ३१ गाणी झाली. किऑस्कपेक्षा दोन कमी, कारण अर्धा तास लोक नंबर समजून घ्यायलेत. पुढच्या वेळी भरून निघंल.

काकू आल्या होत्या. आधी फोन करून सांगितलं होतं की रजिस्टर आहे. पाऊण तास मांडीवर घेऊन बसल्या, मग चिठ्ठीवर ११४७ लिहून माझ्याकडं दिली आणि म्हणाल्या -२ वर लाव म्हणावं, मीच लिहिलंय बघ तिथं दोन वर्षांखाली.

नांदेडच्या दादांना पण सांगायचंय, लेकरांना कीपॅड फार आवडला, ते रजिस्टर बघतच नाहीत असं मला वाटायचं, पण गझलांच्या पानाची प्रत एका पोरानं घरी न्यायला मागितली. आजोबांनी त्याला उर्दूतली ओळ वाचून दाखवली, तो फोनवर रेकॉर्ड करत होता.

आता एकच राहिलं. नवीन रजिस्टर युनिकोडमध्ये छापायचंय, त्यात समासातल्या नोंदी टाइप करून टाकाव्यात का नुसता समास मोठा ठेवावा यावर घरात वाद चाललाय. मुलगी म्हणते टाइप कर, पुसट व्हायलेत. मला वाटतं आजोबांचं अक्षर तसंच राहावं, म्हणून ती आठ पानं स्कॅन करून जशीच्या तशी लावायची आणि बाकीच्या टाइप करायच्या, उजवीकडं तीन बोटं जागा रिकामी. सहाही प्रतींना दोऱ्यानं पेन्सिल बांधणार आहे.

आणि संभाजीनगरचे सर, कन्व्हर्टरनंतर ‘तुझ्या’, ‘माझ्या’ मधला अर्धा झ सुटा होऊन बसलाय, शेकडो ठिकाणी. एकदम बदलायचा काही उपाय आहे का हातानंच करावं लागंल? तेवढं सांगा.