मदत हवी आहे : अळीचा आहार आणि अंतःप्रजनन यांचे परिणाम वेगळे कसे काढावेत?

नमस्कार. मी ठाण्यातील एका महाविद्यालयात एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मी ड्रोसोफिला मेलानोगास्टर या फळमाशीच्या सख्ख्या भावंडांचे तीन पिढ्या मीलन घडवून सहा वंश तयार केले असून त्यांचा अंतःप्रजनन गुणांक (जवळच्या नात्यातील मीलनामुळे जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता) ०.५ येतो. हे वंश आणि मूळ समूह मी दोन प्रकारच्या खाद्यावर वाढवते. एक म्हणजे रवा, गूळ, अगर आणि यीस्ट यांचे नेहमीचे मिश्रण, तर दुसऱ्यात यीस्ट फक्त पाव हिस्सा. या खाद्यातील प्रथिने मुख्यतः यीस्टमधूनच मिळतात आणि कोषातून बाहेर आलेली माशी आकाराने वाढत नाही, त्यामुळे अळीपणीची आबाळ मादीच्या आकारात आणि अंडाशयातील अंडनलिकांच्या (ज्यांत अंडी तयार होतात त्या नळ्यांच्या) संख्येत कायमची उतरते. प्रौढ माश्यांना मात्र सरसकट चांगलेच खाद्य दिले.

निकृष्ट खाद्यावर अंतःप्रजनित वंशांची सर्वाधिक पडझड होईल, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांच्या माद्या मूळ समूहातील माद्यांइतक्याच मोठ्या निघाल्या, दोन वंशांत तर किंचित मोठ्याच.

मला शंका आहे ती गर्दीची. मी प्रत्येक व्हायलमध्ये (खाद्य भरलेल्या छोट्या बाटलीत) साठ अंडी मोजून ठेवते, पण अंतःप्रजनित वंशांत त्यांतील बरीच फुटतच नाहीत, म्हणजे जगलेल्या अळ्यांच्या वाट्याला आपोआप जास्त यीस्ट येते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर न फुटलेली काही अंडी तपकिरी पडलेली दिसतात, म्हणजे भ्रूण आतच मेला. काही पांढरीच राहतात, म्हणजे बहुधा फलनच झाले नाही. त्यात मे महिन्यात वीज गेल्याने इन्क्युबेटर २५ अंशांवर राहिला नाही. तापमान ३० अंशांच्या पुढे गेले की या माशीचे नर वंध्य होऊ लागतात, म्हणून ती संपूर्ण खेप मी टाकून दिली. नाहीतर पांढऱ्या अंड्यांचा दोष ठाण्याच्या उकाड्याचा की अंतःप्रजननाचा, हे सांगताच आले नसते.

आता अंड्यांऐवजी नुकत्याच बाहेर पडलेल्या चाळीस अळ्या ब्रशने उचलून ठेवाव्यात का? तसे केल्यास अंड्यातील मृत्यू वेगळा मोजावा लागेल. मग अंडी फुटण्याचे प्रमाण आणि अळीपासून प्रौढापर्यंतचा टिकाव यांचा गुणाकार करून एकूण फिटनेस (जगून प्रौढ होण्याची क्षमता) काढणे योग्य ठरेल का? शिवाय विश्लेषणात नमुना म्हणून प्रत्येक माशी न धरता प्रत्येक वंश धरावा, असे मला वाटते. पण मग हाती सहाच आकडे उरतात. एवढ्यावर आहार आणि अंतःप्रजनन यांची आंतरक्रिया (एकाचा परिणाम दुसऱ्यानुसार बदलतो का, हे) तपासता येईल, की आणखी वंश तयार करणे भाग आहे? एका पिढीला सुमारे दहा दिवस लागतात, त्यामुळे नवे वंश करायचे तर सुरुवात याच आठवड्यात करावी लागेल.