बडतर्फी पुरेशी नाही, पोलिसांना सनद हवी

मृगनक्षत्र (धागाकर्ती):

जून २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या आढावा समितीने सचिन वाझे यांना १६ वर्षांच्या निलंबनानंतर सेवेत परत घेतलं. निलंबन कशापायी होतं ते विसरलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. ख्वाजा युनूस हा परभणीचा, दुबईत नोकरी करणारा २७ वर्षांचा अभियंता. घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या तपासात डिसेंबर २००२ मध्ये त्याला पकडलं. जानेवारी २००३ मध्ये पोलीस म्हणाले, औरंगाबादकडे नेताना जीपला अपघात झाला आणि तो पळाला. सीआयडीच्या तपासात ही गोष्ट टिकली नाही. २००४ मध्ये वाझे आणि तीन शिपाई निलंबित झाले, खुनाचा खटला उभा राहिला. मृतदेह मिळालाच नाही.

२०२० मध्ये परत घेताना कारण काय, तर कोरोनामुळे मनुष्यबळ कमी पडतंय. बरं, घेतलं तर घेतलं, बसवलं कुठे? गुन्हे शाखेच्या गुप्तवार्ता पथकाच्या प्रमुखपदी. मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेने (एनआयए) मुकेश अंबानींच्या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या गाडीच्या प्रकरणात अटक केली आणि मे महिन्यात बडतर्फी झाली.

आरोप खरे की खोटे ते कोर्ट ठरवेल, त्यावर इथे भांडू नका. माझा मुद्दा वेगळा आहे. या माणसाकडे पिस्तूल आणि अटकेचा अधिकार असावा का, हे कायमचं ठरवणारी खात्याबाहेरची संस्थाच आपल्याकडे नाही. तो कायम 'सेवाविषयक बाब' राहिला. रजा, बढती, घरभाडं, तसंच हेही.

डॉक्टरला नोकरी कुठलंही रुग्णालय देवो, मेडिकल कौन्सिलने नोंदणी काढली की तो सुई टोचू शकत नाही. वकिलाची सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना, गेली की कोट खुंटीला. पोलिसाला मात्र नेमणारा, चौकशी करणारा, शिक्षा देणारा आणि माफ करणारा एकच. म्हणून म्हणते, पोलिसालाही खात्याबाहेरच्या संस्थेने दिलेली सनद असावी, दर काही वर्षांनी नूतनीकरण व्हावं, आणि ती गेली की आयुक्तांनाच काय, गृहमंत्र्यांनाही त्याला परत वर्दी चढवता येऊ नये.

तळटीप:

प्रश्न बरोबर, औषध परदेशी. अमेरिकेत सनद रद्द करण्याची पद्धत आली कारण तिथे सुमारे १८,००० वेगवेगळी पोलीस खाती आहेत. एका गावाने हाकललं की गडी शेजारच्या गावात रुजू. क्लीव्हलंडमध्ये २०१४ साली १२ वर्षांच्या तमीर राईसला गोळी घालणारा टिमथी लोमन आधीच्या खात्यात अयोग्य ठरवला गेला होता. क्लीव्हलंडने ती फाईल पाहिलीच नाही. २०१७ मध्ये त्याला काढलं, तेही गोळीबारासाठी नाही, अर्जात खोटी माहिती दिली म्हणून. त्यानंतरही तीन लहान गावांनी त्याला नेमलं होतं, बोभाटा झाला म्हणून मागे हटला.

आपल्याकडे अख्ख्या राज्याला एकच मालक. सांगलीत बडतर्फ झालेला फौजदार साताऱ्यात जाऊन भरती होत नाही. मग सनदेने नवीन काय साधणार?

आणि मेडिकल कौन्सिलचा दाखला देताना जरा दमाने घ्या. डॉक्टरांची चौकशी डॉक्टरच करतात, वकिलांची वकीलच. तिथे तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला विचारा काय अनुभव आला ते.

खरं दुखणं हे आहे: २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यातला एक, राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण, निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली, आणि त्याची शिफारस बंधनकारक. महाराष्ट्राने कायदा केला २०१४ मध्ये. जिल्ह्याच्या जागी आला महसूल विभाग, म्हणजे सिरोंच्याच्या माणसाने नागपूर गाठायचं. वर सरकारला कारणं नोंदवून अहवाल नाकारायची वाट ठेवली. ही वाट बुजवा, जिल्हावार प्राधिकरणं नेमा. जे आहे ते अर्धवट ठेवून वर आणखी एक कौन्सिल कशाला? तिथेही निवृत्त साहेबांचीच सोय लागणार.

ठाणे अंमलदार (नि.):

३४ वर्षं खात्यात काढली, शेवटी सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. दोघांचं वाचलं. दोघांनाही विचारतो, सनद जाणार कोणाची? वर लिहिलेल्या प्रकरणात अधिकारी एक आणि शिपाई तीन. हेच प्रमाण सगळीकडे. तोंडी हुकूम वरून येतो आणि स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, सही असते ती खालच्याची.

शिस्त नाही असं कोण म्हणतं? शिस्त भरपूर आहे. १९५६ चे शिक्षा व अपिलाचे नियम अजून चालतात. जादा कवायत, दंड, सक्त ताकीद, वेतनवाढ रोखणे, सगळं आहे. टोपी नव्हती, कसुरी, म्हणजे कामात चुकल्याचा अहवाल. बंदोबस्ताला दहा मिनिटं उशीर, कसुरी. साहेबांच्या बंगल्यावर जायला नाही म्हटलं, नियंत्रण कक्षाशी संलग्न. आमच्या एका हवालदाराने वाळूचा ट्रक सोडायला नकार दिला तर महिन्याच्या आत त्याच्यावर 'बेशिस्त वर्तना'चा ठपका आला. सनद नावाचं आणखी एक हत्यार आलं की ते पहिल्यांदा असल्या माणसावर चालणार.

विभागीय चौकशी कशी चालते तेही ऐका. चौकशी अधिकारी हा एसीपी किंवा डीवायएसपी. त्याच्या डोक्यावर गणपती, निवडणूक आणि मंत्र्यांचा दौरा. फिर्यादी एक केळीवाला, लॉकअपमध्ये मारलं अशी त्याची तक्रार. त्याला सकाळी ११ ला बोलावलं. बसवलं कुठे, तर ज्या ठाण्याविरुद्ध तक्रार त्याच ठाण्याच्या बाकावर. समोरून तेच लोक चहा घेऊन ये-जा करतायत. चारला सांगितलं, साहेब बंदोबस्ताला गेले, पुढची तारीख घ्या. त्याची गाडी दिवसभर बंद. दुसऱ्या तारखेला तसंच. तिसऱ्याला तो आला नाही. शेरा पडला: 'साक्षीदार वारंवार गैरहजर, दोषारोप सिद्ध होत नाही.' मी त्या चौकशीत कारकुनी केली आहे, शेरा माझ्याच अक्षरात आहे.

साडेतीन शहाणा:

काका, शेवटच्या परिच्छेदात तुम्ही धागाकर्तीचीच बाजू मांडलीत की.

मॅटची वारी:

महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात (मॅट), म्हणजे सरकारी नोकरांचे सेवेचे वाद चालतात तिथे, मी वकील म्हणून पोलिसांच्या बाजूनेच जास्त उभी राहते, त्यामुळे मला शिव्या खायची सवय आहे.

लोक म्हणतात, मॅट सगळ्यांना परत घेते. मॅट कोणालाही हौसेने परत घेत नाही. फाईल उघडली की दिसतं: दोषारोपपत्र मोघम, कागदपत्रांच्या प्रती दिलेल्या नाहीत, बचावाच्या साक्षीदाराला बोलावलेलंच नाही, शिक्षा ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने कारणं लिहिलेली नाहीत. राज्यघटनेचा अनुच्छेद ३११ म्हणतो, बाजू मांडायची वाजवी संधी द्या. ती न दिल्यावर आम्ही जिंकणारच. कधीकधी वाटतं, चौकशी मुद्दाम कच्ची ठेवलेली असते. बडतर्फीची बातमी छापून येते, लोक शांत होतात, दोन वर्षांनी माणूस गुपचूप परत.

दुसरी मेख म्हणजे 'फौजदारी खटला चालू आहे, निकाल लागू द्या.' कायदा असं सांगत नाही. कॅप्टन पॉल अँथनी निकालात १९९९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की खटला आणि विभागीय चौकशी एकाच वेळी चालू शकतात. आरोप गंभीर, दोन्हीकडचे सारखेच आणि कायद्याचे प्रश्न गुंतागुंतीचे असतील तेव्हाच चौकशी थांबवणं योग्य, आणि खटला रेंगाळला तर ती पुन्हा सुरू करता येते. दोन्हीकडचं पुराव्याचं मापही वेगळं आहे. खटल्यात संशयाला जागा उरता कामा नये, चौकशीत 'असं घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढं पुरतं. तरी फाईल खटल्याच्या दोरीला बांधून ठेवतात आणि खटला वीस वर्षं हलत नाही. इकडे निलंबित माणसाला निर्वाह भत्ता चालूच, आधी निम्मा पगार, मग पाऊण.

वाझेंना २०२१ मध्ये काढलं ते ३११(२)(ब) खाली, म्हणजे चौकशी करणं व्यवहार्य नाही असं लिहून. जे १६ वर्षं जमत नव्हतं ते दोन महिन्यांत झालं. इच्छा असली की होतं, एवढंच त्यातून कळतं. पण मला ही पळवाट आवडत नाही. आज नकोशा माणसावर चालली, उद्या काकांच्या त्या हवालदारावर चालेल.

माझं मत: सनद नको. चौकशी अधिकाऱ्यांचा वेगळा संवर्ग करा, जो पोलीस महासंचालकांच्या हाताखाली नसेल आणि ज्याला बंदोबस्त नसेल.

बे एरियातला बाळ्या:

कॅलिफोर्नियात राहतो, इथलं सांगतो. सनद काढून घ्यायचा अधिकार नसलेल्या मोजक्या राज्यांत आमचं राज्य होतं. २०२१ मध्ये कायदा झाला आणि जानेवारी २०२३ पासून अंमल. 'पोस्ट' नावाचा आयोग सनद देतो आणि काढतो. त्याच्याखाली नऊ जणांचं सल्लागार मंडळ आहे, त्यात बहुसंख्य लोक पोलीस नसलेले, पोलिसी अत्याचार सोसलेल्यांसाठीही जागा. तळटीप यांचा 'डॉक्टरांची चौकशी डॉक्टर' हा आक्षेप त्यांनी निदान अर्धा तरी सोडवलाय.

मला यातल्या दोन गोष्टी कामाच्या वाटतात. राजीनामा दिला म्हणून चौकशी संपत नाही, खात्याला ती पुरी करावीच लागते. आणि कोणाची सनद स्थगित, कोणाची रद्द, का, ही यादी नावासकट जाहीर असते, घरबसल्या वाचता येते. महाराष्ट्रात कोण निलंबित आहे आणि कोण परत आलं हे नागरिकाला कुठे पाहता येतं?

पोलीस संघटनांनी इथेही बोंब मारली होतीच. आभाळ काही कोसळलं नाही.

तळटीप:

@बाळ्या, यादी मान्य. यादीसाठी सनद लागत नाही, शासन निर्णय पुरतो.

मृगनक्षत्र:

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, कारण चहा गार होतोय.

तळटीप, आपल्याकडे गाव बदलत नाही, पण खुर्ची बदलते. निलंबन, मुख्यालय, साईड पोस्टिंग, मग एक दिवस पुन्हा तपास पथक. लोमनला दुसरं गाव शोधावं लागलं, आपल्याकडे त्याच इमारतीत दुसरा मजला पुरतो. प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक करा, हे मलाही हवंय. पण बंधनकारक शिफारस कशाची असणार? 'विभागीय कारवाई करा' याचीच. मग ती कारवाई पुन्हा काकांच्या त्या बाकावर जाऊन बसणार.

काका, खालच्यावर हत्यार चालेल ही भीती मला पूर्ण पटते. म्हणून सनद रद्द करायची कारणं मोजकी ठेवा. कोठडीतला मृत्यू किंवा मारहाण, लैंगिक अत्याचार, खोटा पुरावा किंवा खोटी नोंद, आणि सहकाऱ्याने यातलं काही केलेलं माहीत असून लपवणं. टोपी, उशीर, उद्धटपणा हे सनदेच्या कक्षेत नकोच, ते खात्याने बघावं. आणि आयपीएसपासून शिपायापर्यंत एकच सनद. मग तोंडी हुकूम देणाऱ्यालाही घाम फुटेल. शिपायालाही 'साहेब, माझी सनद जाईल' असं म्हणायला एक आधार मिळेल. आज नाही म्हणायचं तर त्याच्या हातात काय आहे?

ठाणे अंमलदार (नि.):

आधाराचं बोललात ते बरं वाटलं, पण आयपीएस केंद्राचे. त्यांची सनद राज्याची संस्था काढणार म्हटलं की दिल्लीहून पत्र येईल. मग 'तूर्त शिपाई ते निरीक्षक' असा शासन निर्णय निघेल आणि तूर्त म्हणजे कायमचं. असले तूर्त मी खूप पाहिलेत.

दुसरं, माणूस १४-१४ तास उभा राहिला की त्याचा हात सुटतो. हे समर्थन नाही, पण घडतं असंच. २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू केली तेव्हा पोरं खूश होती. अशा गोष्टी सगळीकडे टिकल्या असत्या तर निम्म्या तक्रारी आल्याच नसत्या.

साडेतीन शहाणा:

सांगलीत २०१७ मध्ये कोठडीत मेलेल्या तरुणाचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला आणि 'आरोपी पळाला' म्हणून सांगितलं. तेही १४ तासांच्या ड्युटीमुळे का? थकलेला माणूस शंभर-दीडशे किलोमीटर गाडी हाकत नाही हो.

ठाणे अंमलदार (नि.):

त्या लोकांची बाजू मी घेतलेली नाही. असल्यांमुळे आम्हाला पोरीच्या लग्नाच्या बैठकीत खातं सांगायला लाज वाटायची.

मॅटची वारी:

सांगलीचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. सनद असो, प्राधिकरण असो की माझा वेगळा संवर्ग, पुरावा कुठून आणणार? डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात लॉकअप, व्हरांडा, आत-बाहेर जायच्या वाटा, सगळीकडे आवाजासकट कॅमेरे लावायला सांगितले. चित्रण १८ महिने जपायचं, निदान एक वर्ष तरी. मी फुटेज मागते तेव्हा ठरलेलं उत्तर येतं: त्या तारखेला तांत्रिक बिघाड. माझ्या अशिलाला वाचवणारं फुटेजही तसंच गेलंय, म्हणून यात माझी बाजू-बिजू काही नाही.

मृगनक्षत्र, तुमच्या चार कारणांत पाचवं घाला. लॉकअपमध्ये माणूस असताना कॅमेरा बंद सापडला तर ठाणे प्रभारीची सनद जागच्या जागी स्थगित. एवढं मान्य करत असाल तर मी तुमच्या बाजूला.

मृगनक्षत्र:

मान्य. स्थगिती किती दिवस, आणि खरोखरच वीज गेली असेल तर?

ठाणे अंमलदार (नि.):

वीज गेली तर तशी स्टेशन डायरीला नोंद घ्यायची असते. नोंद मात्र प्रभारीच घेणार. आणि कॅमेरा चालू ठेवायची जबाबदारीही त्याच निकालाने त्याच्यावरच टाकलीय.

मॅटची वारी:

म्हणून तर डायरीवर सोडायचं नाही. चित्रण थेट त्याच निकालाने नेमायला सांगितलेल्या जिल्ह्याच्या देखरेख समितीकडे साठलं पाहिजे.

तळटीप:

त्या समितीत पोलीस अधीक्षक आहेतच ना?